पगाराच्या संदेशात स्ट्रिंग जोडू नका

बहारीनमध्ये बँका, मनी एक्सचेंज आणि पगाराचे सॉफ्टवेअर यांसाठी काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत एक मत पक्के रुजले आहे. वेब सर्व्हिसला पाठवायचा एक्सएमएल संदेश शेवटी मजकूरच असतो. एक स्ट्रिंग घ्या, तिच्यात टॅग लिहा, मधल्या मोकळ्या जागी नाव, खाते क्रमांक आणि रक्कम भरा, काम झाले. लायब्ररीच्या वाटेला जायचेच कशाला? ती जड, तिचा कोड लांबलचक, आणि एक्सएमएल तरी आता किती दिवस टिकणार? हे मत अनुभवी लोक मांडतात आणि नव्याने आलेल्या मुलांना तसेच शिकवतात. मला ते नुसते चुकीचे नाही, धोक्याचे वाटते. या संदेशांतून जे जाते ते पुष्कळदा कुणाच्या तरी महिनाभराच्या मेहनतीचे पैसे असतात.

‘शेवटी मजकूरच’ या शब्दांपासून सुरुवात करतो, कारण सगळी गफलत तिथेच आहे. तारेवरून अक्षरे जातात हे खरे. पण पाठवणारा आणि घेणारा यांच्यात करार होतो तो अक्षरांचा नव्हे, रचनेचा. एक्सएमएलचे मानक फेब्रुवारी १९९८ मध्ये आले, नेमस्पेसचे जानेवारी १९९९ मध्ये, आणि संदेशात नेमके काय अर्थाचे व काय नुसते दिसण्याचे हे सांगणारे इन्फोसेटचे मानक २००१ मध्ये. गुणधर्म कोणत्या क्रमाने लिहिले, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, यांना त्यात काही किंमत नाही. दोन संदेश अक्षरशः वेगळे असून अर्थाने एकच असू शकतात. उलट, एका चिन्हाचा फरक असलेले दोन संदेश पाहिले तर एक वैध आणि दुसरा संदेशच नव्हे, असेही असते. ज्याला अर्थाची रचना घडवायची आहे त्याने अक्षरांवर काम करायचे ठरवले, तर रचनेचे सगळे नियम त्याला स्वतःच्या डोक्यात सांभाळावे लागतात. आणि डोके सुट्टीवर जाते, नोकरी बदलते, कोड मात्र तिथेच राहतो.

बहारीनच्या गावातली उदाहरणे घ्या. इथल्या कंपन्यांच्या पाट्या वाचत मनामातून फिरले की ‘ट्रेडिंग & कॉन्ट्रॅक्टिंग डब्ल्यू.एल.एल.’ या धाटणीची नावे पावलोपावली दिसतात. ते ‘&’ चिन्ह एक्सएमएलमध्ये राखीव आहे. ते तसेच टॅगमध्ये उतरले की पुढचा पार्सर संपूर्ण संदेश फेकून देतो, आणि त्याने तसेच करायला हवे. आता आली या गावाचे नाव बघा. कुंभारकामासाठी आणि दिलमुनकालीन दफनटेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचे इंग्रजी स्पेलिंग पुष्कळदा मधे ॲपॉस्ट्रॉफी घालून करतात. पत्ता एकेरी अवतरणातल्या गुणधर्मात जात असेल, तर आलीच्या ग्राहकाचा संदेश तिथेच तुटतो.

यावर उत्तर ठरलेले असते: आम्ही रिप्लेस मारतो. पण कुठे कुठे मारणार? टॅगमधल्या मजकुराचे नियम वेगळे, गुणधर्माचे वेगळे, सीडेटाच्या पेटीचे वेगळे. ‘<’ आधी बदलून ‘&’ नंतर बदलला, तर आपणच केलेला बदल पुन्हा बदलला जातो. दोन टप्प्यांवर दोघांनी एकच काळजी घेतली, तर ग्राहकाच्या स्टेटमेंटवर कंपनीच्या नावात ‘&’नंतर ‘एएमपी’ आणि अर्धविराम असे छापून येते. वर्डमधून पेस्ट केलेल्या ओळीत कधीकधी डोळ्यांना न दिसणारे व्हर्टिकल टॅब असते. एक्सएमएल १.० मध्ये ते चिन्ह कोणत्याही रूपात चालत नाही, एस्केप करूनही नाही. चांगली लायब्ररी ते लिहायला नकार देते आणि चूक आपल्याच दारात पकडली जाते. रिप्लेसवाल्या कोडला त्याचा पत्ताही नसतो, म्हणून ती चूक दुसऱ्या बँकेच्या लॉगमध्ये उगवते.

एन्कोडिंगचेही तसेच. डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटरवर एक्सएमएल लिहिले की वरच्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-१६ असे येते. मग कुणीतरी ती फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवतो, आणि संदेश स्वतःबद्दलच खोटे सांगू लागतो. जुन्या सिस्टिममधून विंडोज-१२५६ मध्ये आलेले अरबी नाव अशा फाइलमध्ये मिसळले, की त्या माणसाचे नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते. बाइटपर्यंतचा प्रवास लायब्ररीच्या हाती दिला, थेट स्ट्रीमवर लिहिले, तर वरची ओळ आणि आतले बाइट यांचा मेळ तीच राखते.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. टेम्प्लेट वाचता येते. बँकेतला बिझनेस ॲनालिस्ट ते उघडून सांगू शकतो की इथे पाठवणारा, इथे घेणारा. त्याच संदेशाचा डॉममधला कोड म्हणजे क्रिएट एलिमेंट, ॲपेंड चाइल्ड, पुन्हा क्रिएट एलिमेंट, आणि त्यातून संदेशाचे चित्र उभे राहत नाही. पण हा दोष एका जुन्या एपीआयचा आहे, तत्त्वाचा नव्हे. २००७ पासून डॉटनेटमध्ये लिंक टू एक्सएमएल आहे; त्यात कोडची मांडणीच संदेशाच्या रचनेसारखी दिसते. जावावाल्यांना जॅक्सबीने स्कीमावरून क्लास तयार करून दिले. २०१८ मध्ये जावा ११ मधून जॅक्सबी बाहेर काढले तेव्हा अनेकांचे बिल्ड मोडले आणि त्यांचा वैताग रास्त होता, तरी ते वेगळे जोडून आजही वापरता येते. आणि टेम्प्लेटच हवे असेल तर ठेवा. फक्त ते आधी पार्स करा, रचना हातात आली की नेमस्पेससकट एक्सपाथने जागा शोधा आणि तिथे मूल्य बसवा. वाचनीयताही राहते, शिस्तही.

इथून आपण दुसऱ्या कामाकडे येतो, तयार संदेशात फेरफार करण्याकडे. माझ्या मते स्ट्रिंगचा खरा पराभव इथे होतो. आयएसओ २००२२ च्या पेमेंट संदेशात नावाचा टॅग ‘एनएम’. तो पाठवणाऱ्याच्या खाली येतो, घेणाऱ्याच्या खाली येतो, आणि ज्याच्या वतीने पैसे जातात त्या मूळ देणेकऱ्याच्या खालीही येऊ शकतो. रेग्युलर एक्स्प्रेशनला पहिला सापडेल तो ‘एनएम’ बदलायला सांगितले, की ज्या दिवशी समोरची सिस्टिम एक ऐच्छिक भाग भरू लागेल त्या दिवशी भलत्याच माणसाचे नाव बदलेल. त्याहून वाईट म्हणजे कुठलीही चूक दाखवली जाणार नाही, कारण संदेश तर वैधच असेल.

प्रीफिक्सचा घोळही असाच. सोपच्या एन्व्हलपला कुणी ‘सोप’ प्रीफिक्स लावतो, कुणी नुसता ‘एस’, कुणी ‘सोप-ईएनव्ही’. खरी ओळख नेमस्पेसच्या यूआरआयची असते, प्रीफिक्स हे टोपणनाव. समोरच्या कंपनीने आपले फ्रेमवर्क बदलले आणि ‘एनएस१’ चे ‘एनएस२’ झाले, तर तिने कराराचा भंग केलेला नसतो. तरीही आपल्याकडे रात्री फोन येतात आणि मीटिंगमध्ये ‘त्यांनी न सांगता फॉरमॅट बदलला’ असा आरोप होतो. त्यांनी काहीच बदललेले नसते. आपण टोपणनावावर विसंबलो, हे कबूल करायला हवे.

आता रकमेबद्दल. बहारीनचा दिनार १९६५ मध्ये आला. त्याआधी इथे रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी काढलेला रुपया चालत होता. एका दिनाराचे फिल्स हजार, म्हणून दशांशानंतर तीन आकडे. भारतातून आलेल्या टेम्प्लेटमध्ये दोन आकड्यांचा फॉरमॅट ठोकलेला असतो, आणि दहा दिनार एकशेपंचवीस फिल्सचे पाच फिल्स वाटेत गळतात किंवा वाढतात. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की नुसत्या लायब्ररीने हे सुटत नाही आणि स्कीमानेही नाही. आयएसओ २००२२ च्या मूळ व्याख्येत रकमेला एकूण अठरा आणि दशांशानंतर पाचपर्यंत आकडे चालतात. कोणत्या चलनाला किती, हे आयएसओ ४२१७ च्या यादीवरून ठरते: दिनाराला तीन, रुपयाला दोन, येनला शून्य. तो नियम कोडमध्येच लिहावा लागतो. पण तो नियम लिहायला एक जागा लागते, जिथे रक्कम ही रक्कम असते आणि चलन हे चलन. शंभर ठिकाणी अधिकचिन्हाने जोडलेल्या तुकड्यांत अशी जागाच उरत नाही.

आकड्यांच्या लिपीचा प्रश्न तर मराठी माणसाला चटकन कळेल. प्रोग्रामिंगच्या अनेक भाषा संख्येचा मजकूर करताना मशीनचा लोकॅल बघतात. जावामध्ये अरबी लोकॅल लावलेल्या सर्व्हरवर स्ट्रिंग फॉरमॅटने लिहिलेली संख्या अरबी अंकांत उतरू शकते, आणि मराठी लोकॅल लावला तर देवनागरी अंकांत. एक्सएमएल स्कीमाच्या दशमान प्रकाराला फक्त शून्य ते नऊ हे रोमन लिपीतले अंक चालतात. तारखेचेही तेच. बहारीनहून १९८६ चा किंग फहद कॉजवे ओलांडला की सौदी. तिथल्या लोकॅलवर डॉटनेटची साधी टूस्ट्रिंग हिजरी सन छापते. संदेशात चौदाशे चाळीसच्या पुढचे वर्ष गेले, तर समोरच्या सिस्टिमने ते पेमेंट कधी करायचे? स्कीमाच्या प्रकारांसाठी केलेले रूपांतर वापरले, उदाहरणार्थ डॉटनेटमधले एक्सएमएल कन्व्हर्ट, तर लोकॅलचा संबंधच येत नाही. ‘आमचा सर्व्हर इंग्लिशवरच असतो’ हे उत्तर मला पुरत नाही. सर्व्हरची सेटिंग्ज इन्फ्रा टीम बदलते, आपल्याला विचारून नव्हे.

सुरक्षेबद्दल विरोधक उलटा वार करतात: तुमच्या लायब्रऱ्यांनीच तर भोके पाडली. बाहेरच्या एंटिटी ओढून आणणारा एक्सएक्सई हल्ला पार्सरमुळेच शक्य झाला, आणि ओवास्पच्या २०१७ च्या पहिल्या दहा धोक्यांत तो चौथा होता. २०११ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲमेझॉनच्या ईसी२ सेवेच्या सोप इंटरफेसवर सही केलेल्या संदेशाचे भाग हलवून सही वैध ठेवून दाखवली. ॲमेझॉनने ते भोक बुजवले. हे सगळे खरे आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातून निष्कर्ष कोणता? एक्सएक्सई बंद करायला डीटीडी नाकारणारी एक सेटिंग लागते, आणि सोप १.१ ने तर संदेशात डीटीडी असताच कामा नये असे २००० सालीच सांगून ठेवले होते. सही हलवण्याचा हल्ला चालला, कारण सही तपासणारा भाग एका वाटेने घटक शोधत होता आणि काम करणारा भाग दुसऱ्या वाटेने. दोघांनी रचनेतली एकच जागा पाहिली असती तर तो फसला असता. म्हणजे रचनेकडे कमी नव्हे, जास्त लक्ष द्यायला हवे होते.

आणि स्ट्रिंग जोडणाऱ्याच्या घरातले भोक यापेक्षा कितीतरी साधे आहे. ग्राहकाला पेमेंटचे कारण लिहायला १४० अक्षरांची जागा मिळते. त्याने तिथे तो टॅग बंद करणारी खूण लिहिली आणि पुढे आपले टॅग घातले, तर जोडलेल्या स्ट्रिंगमध्ये ते टॅग खरे होऊन बसतात. यासाठी संशोधक लागत नाही.

वेगाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. हजारो मजुरांच्या पगाराची फाइल डॉममध्ये उभी केली तर मेमरी खाते, मान्य. त्यासाठी स्ट्रीमिंग रायटर आहेत, जावात २००४ पासून स्टॅक्स आहे, डॉटनेटमध्ये एक्सएमएल रायटर आहे. ते एकेक घटक लिहीत पुढे सरकतात, मेमरी जवळजवळ लागत नाही आणि एस्केपिंगही तेच करतात.

उरला ‘एक्सएमएल मेले’ हा दावा. बहारीनच्या सेंट्रल बँकेने २०१८ च्या डिसेंबरमध्ये ओपन बँकिंगचे नियम आणले, २०२० मध्ये चौकट आणली, आणि तिथे जेसन आहे. मला त्यात आनंदच आहे. पण स्ट्रिंग जोडून बनवलेले जेसन पहिल्या दुहेरी अवतरणाला तुटते, म्हणजे सवय तीच राहिली तर रोगही तोच राहतो. आणि सीमेपलीकडे जाणारा पैसा तर आत्ताच एक्सएमएलवर आला आहे. मार्च २०२३ पासून स्विफ्टचे जुने एमटी आणि आयएसओ २००२२ चे नवे संदेश शेजारी शेजारी चालत होते. पेमेंटच्या संदेशांसाठी तो काळ २२ नोव्हेंबर २०२५ ला संपला. ज्याला लोक मेलेले म्हणतात त्याच्यावरून गल्फमधले पगार भारतात जात आहेत.

याच बदलात पत्त्याचा नियम आहे, आणि टेम्प्लेटवाल्यांनी त्याकडे नीट पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या एमटी १०३ मध्ये नाव-पत्त्याला पस्तीस अक्षरांच्या चार ओळी मिळायच्या. पत्ता पस्तिसाव्या अक्षराला कापून ओतला की झाले. स्विफ्टच्या नियमानुसार नोव्हेंबर २०२६ पासून असा सलग ओतलेला पत्ता चालणार नाही. निदान गाव किंवा शहर आणि देश हे वेगळ्या टॅगमध्ये द्यावेच लागतील, आणि मग हवे तर उरलेल्यासाठी सत्तर अक्षरांच्या दोन ओळी. बहारीनचा पत्ता यात छान बसतो: इमारत क्रमांक, रोड क्रमांक, ब्लॉक क्रमांक, गाव. पण तिथेही एक खाच आहे. इथे लोक इमारत आधी आणि रोड नंतर लिहितात, स्कीमामध्ये मात्र रस्त्याचा टॅग आधी आणि इमारतीचा नंतर, आणि तो क्रम बंधनकारक आहे. लोक बोलतात त्या क्रमाने टेम्प्लेट लिहिले तर संदेश परत येतो.

आपल्याकडचे पत्ते याहून अवघड. मु. पो. कवठेएकंद, ता. तासगाव, जि. सांगली. यातले गाव म्हणून काय भरायचे, कवठेएकंद की तासगाव? तालुका कुठे, जिल्हा कुठे? कुणाच्या पत्त्यात रस्ता आहे, कुणाच्या नाही. कुणाकडे घर क्रमांक आहे, कुणाकडे फक्त ‘मारुती मंदिराजवळ’. टेम्प्लेटमध्ये सगळे टॅग कायमचे छापलेले असतात, म्हणून रस्ता नसला तर रस्त्याचा टॅग रिकामा जातो. स्कीमा म्हणते की टॅग असेल तर आत निदान एक अक्षर हवे, नाहीतर टॅगच नको. मग टेम्प्लेटमध्ये जर-तर शिरतात, प्रत्येक ऐच्छिक टॅगला एक, आणि ज्या वाचनीयतेसाठी ते टेम्प्लेट जपले तीच संपते. रचनेवर काम करणाऱ्या कोडमध्ये नसलेला रस्ता जोडायचाच नसतो, आणि क्लास स्कीमावरून बनवलेले असतील तर क्रमही आपोआप पाळला जातो. गावाचा निर्णय माणसालाच घ्यावा लागेल. त्याला विचार करायला वेळ हवा असेल, तर अवतरणचिन्हे मोजण्यात तो घालवू नये.

‘आमचा कोड इतकी वर्षे चालतोय’ असे शेवटी म्हटले जाते. चालतोय, कारण चाचणीच्या डेटात ग्राहकाचे नाव ‘टेस्ट कस्टमर वन’ आहे, रक्कम शंभर आहे आणि पत्ता कोराच आहे. प्रॉडक्शनमध्ये अडलेले संदेश ऑपरेशन्सच्या माणसाने हाताने दुरुस्त करून पुन्हा सोडले, म्हणून ते डेव्हलपरच्या कानावर आले नाहीत. ती दुरुस्ती होईपर्यंत सल्माबादच्या वर्कशॉपमधला वेल्डर घरी ‘पैसे उद्या येतील’ असे सांगत असतो. त्याला टॅग म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही.

म्हणून मी कोड रिव्ह्यूमध्ये एक गोष्ट मागतो, आणि प्रत्येक टीमने ती मागावी असे म्हणतो: अवतरणचिन्हांच्या आत ‘<’ दिसला आणि त्याला चल मूल्य जोडलेले असले, तर तो बदल मर्ज होऊ नये, मग तो लिहिणारा कितीही वरिष्ठ असो. बाहेर जाणारा प्रत्येक संदेश आपल्याच बाजूला स्कीमावर तपासला जावा. आणि चाचणीच्या फाइलमध्ये आलीचा पत्ता, ‘&’ असलेली कंपनी, अरबी नाव, फिल्समधली विषम रक्कम आणि रस्ता नसलेले सांगलीकडचे खेडे एवढे रेकॉर्ड पहिल्या दिवसापासून असावेत. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी आपले स्ट्रिंगचे टेम्प्लेट घेऊन ही फाइल अरबी लोकॅलच्या सर्व्हरवर चालवावी आणि निकाल सगळ्या टीमसमोर ठेवावा. सगळे संदेश स्कीमाला पटले, तर मी माझे मत बदलेन.